मुलगी खेळते-धावते, तरी शस्त्रक्रिया का? डाव्या करोनरी धमनीच्या जन्मदोषाविषयी सविस्तर उत्तर

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने आपल्या आठ वर्षांच्या मुलीविषयी विचारले आहे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले असता तिच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू आली, नाशिकला टूडी इको आणि सीटी अँजिओग्राफी झाली, आणि डावी करोनरी धमनी महाधमनीतून निघण्याऐवजी फुप्फुसधमनीतून निघते, असे निदान झाले. या दोषाला डॉक्टरांच्या बोलण्यात अल्कापा म्हणतात. मुलगी तिसरीत आहे, सायकलवर शाळेत जाते, आजारी दिसत नाही. धावताना मात्र मैत्रिणींच्या आधी थांबते आणि खाली बसते. वडिलांचे प्रश्न असे आहेत: ती इतकी चांगली असताना शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का, ती मोठी होईपर्यंत, निदान द्राक्षाचा हंगाम आटोपेपर्यंत थांबले तर चालेल का, मोठ्या माणसांना करतात तशी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून भागणार नाही का, आणि सिन्नरच्या नात्यातील एका मुलाला करोनरीचाच जन्मदोष असताना त्याला शस्त्रक्रिया नको, असे का सांगितले गेले.

मी नाशिकमध्ये लहान मुलांच्या हृदयविकारांवर उपचार करते. शस्त्रक्रिया मुंबईतील शल्यचिकित्सक सहकारी करतात. तिच्या आधीची तपासणी आणि नंतरची अनेक वर्षांची देखरेख माझ्याकडे असते. त्यामुळे अशा मुलांचे पुढे काय होते हे मला जवळून पाहायला मिळते. माझे मत आधी सांगते आणि कारणे नंतर देते. तुमच्या मुलीची शस्त्रक्रिया झाली पाहिजे, ती येत्या काही आठवड्यांत झाली पाहिजे, आणि शस्त्रक्रियेनंतर तिच्या हृदयाला महाधमनीतून निघणाऱ्या दोन स्वतंत्र करोनरी धमन्या मिळाल्या पाहिजेत. ती आज चांगली दिसते याचे कारण आणि तिला धोका आहे याचे कारण एकच आहे. ते नीट समजले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

हृदय शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते करोनरी धमन्यांतून. या दोन धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी निघतात, त्यामुळे त्यांना प्राणवायूने भरलेले आणि चांगल्या दाबाचे रक्त मिळते. तुमच्या मुलीची उजवी करोनरी जागच्या जागी आहे. डावी मात्र फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीला जोडलेली आहे. बाळ पोटात असते तेव्हा या दोन्ही मोठ्या धमन्यांतील दाब जवळपास सारखा असतो आणि रक्तातील प्राणवायूतही फार फरक नसतो, म्हणून दोष असूनही गर्भाचे हृदय व्यवस्थित वाढते. जन्मानंतर फुप्फुसे उघडतात आणि पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसधमनीतील दाब उतरतो. मग डाव्या करोनरीत रक्त ढकलायला कोणी उरत नाही. बहुतेक बाळांमध्ये याच सुमारास, दीड-दोन महिन्यांच्या वयात, दूध पिताना घाम फुटणे, धाप लागणे, रडताना पांढरे पडणे असे सुरू होते आणि डावा कप्पा फुगून थकतो. उपचार न मिळाल्यास यातील सुमारे ९० टक्के बाळे पहिल्या वर्षात दगावतात. सुमारे तीन लाख जन्मांमागे एक इतका हा दोष दुर्मीळ आहे.

उरलेल्या थोड्या मुलांमध्ये उजव्या करोनरीच्या बारीक फांद्या डाव्या करोनरीच्या फांद्यांना जाऊन मिळतात आणि ते जाळे वेळेत पुरेसे मोठे होते. अशी मुले जगतात, शाळेत जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तुमची मुलगी या थोड्यांपैकी आहे. उजवी करोनरी आता संपूर्ण हृदयाला रक्त पुरवते आहे, म्हणूनच ती रुंद झाली आहे. रिपोर्टमध्ये तिची रुंदी ६ मिलिमीटर लिहिली आहे; या वयाच्या मुलीत ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते.

इथे बागेतले एक उदाहरण देते. ठिबकच्या लॅटरलचे शेवटचे बूच निघाले, तर पंप चालू असतो, नळीत पाणीही असते, पण दाब बनत नाही. पाणी उघड्या टोकातून वाहून जाते आणि ओळीतल्या वेलींना ड्रीपरमधून थेंब थेंबच मिळते. तुमच्या मुलीची डावी करोनरी म्हणजे अशी उघड्या टोकाची नळी आहे. उजवीकडून जाळ्यातून आलेले चांगले रक्त डाव्या करोनरीत शिरते, पण त्यापुढे त्याला दोन वाटा असतात: एक हृदयाच्या स्नायूत जाणारी, जिथे अडथळा जास्त, आणि दुसरी उलटी फुप्फुसधमनीत उतरणारी, जिथे दाब कमी. बरेचसे रक्त दुसरी वाट धरते. जाळे जितके मोठे होत जाते, तितकी गळतीही वाढत जाते. त्यामुळे ‘वाढत्या वयाबरोबर जाळे वाढेल आणि आपोआप बरे होईल’ ही आशा या दोषात खरी ठरत नाही.

इकोच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसते. डाव्या करोनरीतील प्रवाहाचा रंग नेहमीच्या उलट असतो, म्हणजे रक्त स्नायूकडे जाण्याऐवजी उगमाकडे येते. आणि फुप्फुसधमनीच्या भिंतीजवळ, जिथे काहीच असायला नको, तिथे हृदय सैल पडण्याच्या काळात एक बारीक धार आत उतरताना दिसते. ईसीजीमध्ये पहिल्या आणि एव्हीएल लीडमध्ये खोल क्यू लाट आहे. डाव्या कप्प्याच्या बाजूच्या भिंतीला पूर्वी इजा झाल्याची ती खूण आहे. तुमच्या मुलीला लहानपणी कधी फार घाम यायचा का, दूध पिताना ती अडायची का, हे तिच्या आईला एकदा विचारून पाहा. बऱ्याच आयांना असा एखादा महिना आठवतो, आणि नंतर ‘बाळ सुधारले’ असेही आठवते.

मग ती आज सायकल चालवते, त्याचे काय? रोजच्या हालचालीला लागणारा पुरवठा जाळे भागवते. धावताना हृदयाची गरज कितीतरी पटींनी वाढते, आणि तेवढे रक्त उजव्या करोनरीतून वळसा घालून, वाटेत गळून, डाव्या भिंतीच्या आतल्या थरापर्यंत पोहोचत नाही. ती मैत्रिणींच्या आधी थांबते ते अंगातल्या आळसाने किंवा अशक्तपणाने नव्हे. छातीत काय होते हे आठ वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, म्हणून ती खाली बसते. पुन्हा पुन्हा अपुरे रक्त मिळाल्याने आतल्या थरात बारीक व्रण तयार होतात. त्यातून पुढे हृदयाची लय बिघडू शकते. या दोषासह उपचाराविना तारुण्यात पोहोचलेल्या लोकांमध्ये आधी फारशी तक्रार नसताना अचानक मृत्यू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात वर्षानुवर्षे नोंदली गेली आहेत. घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ‘दिसायला चांगली’ आणि ‘सुरक्षित’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका दोषात आईवडिलांना ठामपणे सांगावेच लागते.

दुसरी गोष्ट माइट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची. ही झडप ज्या पॅपिलरी स्नायूंच्या दोऱ्यांनी धरलेली असते, त्यांना रक्त कमी पडले की ते नीट आवळत नाहीत आणि झडप गळू लागते. तुमच्या मुलीची मर्मर बहुधा याच गळतीची आहे. रिपोर्टमध्ये ती मध्यम आणि डाव्या कप्प्याचे पंपिंग ५२ टक्के लिहिले आहे. हे पंपिंग फार वाईट नाही, आणि म्हणूनच आत्ताची वेळ चांगली आहे. ते चाळिशीच्या खाली जाऊ दिले तर शस्त्रक्रिया तीच राहील, पण तिची जोखीम वाढेल आणि नंतरची सुधारणा अपुरी राहील.

शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण नातेवाईकांनी सुचवलेले काही पर्याय त्या इतिहासातलेच आहेत. १९३३ साली बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या बाळातील या दोषाचे सविस्तर वर्णन केले. ते बाळ त्यांच्याच रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ ऑब्री हॅम्प्टन यांचा मुलगा होता. बराच काळ समज असा होता की फुप्फुसधमनीतील अशुद्ध रक्त डाव्या करोनरीत जाते, म्हणून स्नायू उपाशी राहतो. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सॅबिस्टन, नील आणि टॉसिग यांनी दाखवून दिले की प्रवाह उलटा आहे: शस्त्रक्रियेत डाव्या करोनरीचा उगम तात्पुरता दाबून धरल्यावर तिच्यातील दाब वाढला. म्हणजे रक्त उजवीकडून येत होते आणि उगमातून गळत होते. मग उगम बांधून टाकणे हा पहिला उपाय झाला. त्याने गळती थांबते, पण संपूर्ण हृदय आयुष्यभर एकाच करोनरीवर अवलंबून राहते, आणि पुढे त्या एकीला काही झाले तर दुसरा आधार नसतो. म्हणून आज केवळ बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया निवडली जात नाही. तुम्हाला कुणी ‘फक्त बांधून टाकू, छोटी शस्त्रक्रिया आहे’ असे सुचवले, तर दुसरे मत जरूर घ्या.

अँजिओप्लास्टी या आजारात उपयोगाची नाही, कारण तुमच्या मुलीची धमनी कुठेही चोंदलेली नाही. ती चुकीच्या जागी जोडलेली आहे, आणि फुगा किंवा स्टेंट जोडणीची जागा बदलू शकत नाही. बायपासचा पर्याय प्रौढ रुग्णांसाठी कधीकधी घ्यावा लागतो, उगम बंद करून वर छातीतली धमनी जोडून. लहान मुलात तो पहिला पर्याय नसतो. जोडलेली धमनी मुलाच्या वाढीबरोबर आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कशी टिकेल याची खात्री देता येत नाही. शिवाय उजवीकडून येणारे जाळे जोरकस असेल, तर नव्या धमनीतून रक्ताला जाण्याचे कारणच उरत नाही आणि ती हळूहळू बारीक होऊन बंद पडू शकते.

आजची प्रमाण शस्त्रक्रिया म्हणजे डाव्या करोनरीचा उगम फुप्फुसधमनीच्या भिंतीच्या छोट्या चकतीसह कापून महाधमनीत बसवणे. असे थेट रोपण १९७० च्या दशकात सुरू झाले. १९७५ पासून ब्राझीलचे शल्यचिकित्सक जातेने यांच्या धमनी-अदलाबदलीच्या (जन्मतः जागा बदललेल्या महाधमनी आणि फुप्फुसधमनी आपापल्या जागी आणण्याच्या) शस्त्रक्रियेमुळे तान्ह्या बाळांच्या करोनरी हलवण्याचा शल्यचिकित्सकांचा हात जगभर तयार झाला आणि त्याचा फायदा अल्कापाच्या मुलांनाही मिळाला. १९७९ मध्ये जपानच्या ताकेउची यांनी वेगळी वाट सुचवली: धमनी न हलवता फुप्फुसधमनीच्या आतूनच एक बोगदा करून महाधमनीचे रक्त तिच्या तोंडापर्यंत न्यायचे. उगम फारच लांब असेल तेव्हा ही पद्धत आजही वापरतात, पण त्या बोगद्यातून पुढे गळती होऊ शकते किंवा त्याच्यामुळे फुप्फुसधमनी अरुंद होऊ शकते, म्हणून थेट रोपण शक्य असेल तर तेच बरे.

सीटी अँजिओग्राफीची गरज इथे लागते. डावी करोनरी फुप्फुसधमनीच्या कोणत्या बाजूने निघते, महाधमनीसमोरच्या बाजूने की पलीकडच्या डाव्या बाजूने, आणि मधले अंतर किती मिलिमीटर आहे, हे शल्यचिकित्सकाला आधीच माहीत असावे लागते. बाळाच्या ऊती लवचिक असतात, धमनी थोडी ओढली तरी पोहोचते. आठ वर्षांच्या मुलीत तीच धमनी तितकी सैल नसते, आणि तिच्याभोवती जाळ्याच्या फुगलेल्या फांद्या असल्याने ती सोडवताना रक्तस्राव जास्त होतो. अंतर जास्त असेल तर फुप्फुसधमनीच्या भिंतीची पट्टी आणि महाधमनीच्या भिंतीची पट्टी जोडून धमनीला छोटी नळीसारखी लांबी देतात. शैशवानंतर निदान झालेल्या मुलांमध्ये ही तयारी ठेवूनच शस्त्रक्रियेला जावे लागते. या मुलांचा पुरेसा अनुभव असलेल्या केंद्रातच जा, असे मी सांगते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होते याविषयी तुमच्या पत्नीने स्वतंत्र विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. छातीचे मधले हाड उघडून मुलीला हार्ट-लंग मशीनवर घेतात. मशीन सुरू होताच शल्यचिकित्सक पहिले काम करतो ते फुप्फुसधमनीच्या दोन्ही फांद्या आवळून धरण्याचे, कारण एरवी महाधमनीतील रक्त जाळ्यातून, डाव्या करोनरीतून फुप्फुसधमनीत पळत राहील आणि हृदयाच्या स्नायूला मिळणार नाही. हृदय थांबवणारे कार्डिओप्लेजियाचे थंड औषधही याच गळतीने वाया जाऊ शकते. म्हणून ते महाधमनीच्या मुळात देताना फुप्फुसधमनी आवळलेली ठेवतात आणि गरजेनुसार फुप्फुसधमनीतूनही देतात. मोठ्या मुलांत फुप्फुसधमनी उघडल्यावर आतल्या एका छोट्या छिद्रातून औषधासोबत लालभडक रक्त उसळून येताना दिसते. अशुद्ध रक्ताच्या नळीत असे शुद्ध रक्त दिसणे हा सगळ्या आजाराचा डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा असतो. प्रशिक्षणाच्या काळात मी ते प्रथम पाहिले तेव्हापासून आईवडिलांना हा आजार समजावणे मला सोपे झाले. ते छिद्र चकतीसह कापून, धमनीला पीळ पडणार नाही अशा कोनात, महाधमनीत अतिशय बारीक धाग्याने शिवतात. फुप्फुसधमनीत पडलेली खिंड मुलीच्याच हृदयावरणाच्या तुकड्याने भरतात. मग हृदय पुन्हा सुरू करून, अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर डाव्या करोनरीतील प्रवाह आता योग्य दिशेने आहे का, हे पाहूनच मशीन काढतात.

माइट्रल झडपेला त्याच वेळी हात लावायचा की नाही, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. बाळांमध्ये झडपेला सहसा हात लावत नाहीत, कारण रक्तपुरवठा सुधारला की गळती महिन्यांत कमी होते. मोठ्या मुलांत पॅपिलरी स्नायूत कायमचा व्रण असू शकतो आणि झडपेची कडा रुंदावलेली असू शकते, तेव्हा केवळ धमनी बसवून गळती जात नाही. तुमच्या मुलीची गळती मध्यम आहे, दोऱ्या तुटलेल्या नाहीत. माझा कल झडपेला या वेळी हात न लावण्याकडे आहे, पण हा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावर झडप पाहणाऱ्याचा असतो. तो आधीच आपल्याकडून ठरवून मागू नका. गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचे औषध देऊन एमआरआय केला तर व्रण कुठे आणि किती आहे हे आधी कळते. तो शक्य असल्यास करून घ्यावा असे मी सुचवेन.

जोखीम किती, हे विचारायला संकोचू नका. पंपिंग फार खालावलेल्या तान्ह्या बाळांमध्ये ही शस्त्रक्रिया अवघड असते. काहींना नंतर काही दिवस एक्मोचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राचा आधार द्यावा लागतो. चांगले पंपिंग असलेल्या मोठ्या मुलांत जोखीम त्यापेक्षा बरीच कमी असते. शून्य नसते. रक्तस्राव, शिवलेल्या धमनीला पीळ पडून पुरवठा अडणे, लय बिघडणे हे धोके पहिल्या दोन-तीन दिवसांत असतात, म्हणून आयसीयूमध्ये ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्तचाचणी) वारंवार पाहतात. शल्यचिकित्सकाला थेट विचारा: आपल्या केंद्रात शैशवानंतरच्या अल्कापाच्या किती मुलांवर शस्त्रक्रिया झाली, आणि गरज पडली तर मुलांसाठी एक्मो उपलब्ध आहे का? चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी दुखावत नाही.

आता सिन्नरच्या मुलाविषयी. त्याचा रिपोर्ट तुम्ही पाठवला आहे. त्याची उजवी करोनरी महाधमनीतूनच निघते, फक्त चुकीच्या, म्हणजे डाव्या कोनाड्यातून. महाधमनीच्या मुळाशी झडपेलगत जे फुगवटे असतात, त्यांना मी कोनाडे म्हणते. त्यामुळे तिला शुद्ध आणि योग्य दाबाचे रक्त मिळते. प्रश्न एवढाच की पुढे जाताना ती महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या मधून जाते आणि सुरुवातीचा थोडा भाग महाधमनीच्या भिंतीतूनच सरकतो. जोरदार व्यायामात तो भाग दाबला जाऊ शकतो. उजव्या करोनरीचा असा दोष डाव्या करोनरीच्या तशाच दोषापेक्षा बराच अधिक आढळतो आणि कमी धोकादायक असतो. तक्रार नसेल, आणि ताण देऊन केलेल्या तपासण्यांत स्नायूला रक्त कमी पडत नसेल, तर देखरेख ठेवणे योग्य आहे. त्याला शस्त्रक्रिया नको सांगितले ते बरोबर आहे.

डावी करोनरी उजव्या कोनाड्यातून निघून दोन मोठ्या धमन्यांच्या मधून जात असेल, तर गोष्ट वेगळी होते. तक्रार नसली तरी अशा मुलांना साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रिया सुचवतात, कारण अचानक मृत्यूचा धोका किशोरवयात, स्पर्धेच्या खेळात वाढतो. २००० साली बासो आणि सहकाऱ्यांनी चुकीच्या कोनाड्यातील करोनरीमुळे अचानक दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला: त्यातील २३ जणांत डावी करोनरी उजव्या कोनाड्यातून निघाली होती, २५ जण श्रमाच्या वेळी आणि उरलेले दोघे श्रम संपताच गेले होते, आणि ज्यांचा आधी ईसीजी किंवा ट्रेडमिल चाचणी झाली होती त्यांच्या त्या नोंदी सामान्य होत्या. त्यामुळे धावताना चक्कर येऊन पडलेल्या मुलाचा ईसीजी चांगला आला म्हणून त्याला पुन्हा मैदानात सोडणे मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यात हे विशेष बोलले पाहिजे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवणाऱ्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्यानंतर त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडची कितीतरी मुले-मुली धावू लागली आहेत, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर सराव करणारी मुले तर सगळ्या तालुक्यांत दिसतात. पळताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर ‘उपाशी पळाला असेल’ म्हणून सोडून न देता करोनरीचे उगम दाखवणारा इको करून घ्यावा, आणि इकोवर ते नीट दिसले नाहीत तर सीटी करावा. या दोषाची शस्त्रक्रियाही निराळी असते: बहुतेक वेळा धमनीचा भिंतीत दडलेला भाग आतून उघडून तिचे तोंड योग्य कोनाड्यात मोकळे करतात, आणि तसे करताना महाधमनीच्या झडपेच्या सांध्याला धक्का लागू नये याची काळजी घेतात.

तुमच्या मुलीकडे परत येते. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालेल आणि त्यानंतर लगेच खरड छाटणी येईल, हे मला माहीत आहे. तान्ह्या बाळासारखी आजच्या आज नेण्याची घाई नाही, पण चार-पाच महिने थांबावे असेही नाही. एका महिन्याच्या आत तारीख घ्या. बागेचे काम भावकीत वाटून घ्या. तोवर ती शाळेत जाऊ दे, हळूहळू सायकलही चालवू दे, पण पळापळीचे खेळ, कबड्डी, गॅदरिंगच्या नाचाचा जोरदार सराव बंद ठेवा, आणि वर्गशिक्षकांना लेखी कळवा. चक्कर, छातीत दुखणे किंवा चेहरा पांढरा पडणे असे काही झाले, तर तारखेची वाट न पाहता दाखल करा. किडलेले दात असतील तर आधीच दुरुस्त करून घ्या; सर्दी-ताप आला तर तारीख पुढे जाऊ शकते, म्हणून त्या काळात गर्दीच्या लग्नकार्यांना नेऊ नका.

खर्चाचा विचार करून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. तुमच्या मुलीची मर्मर पकडणारे पथक याच कार्यक्रमाचे होते आणि त्यातून सापडलेल्या मुलांना पुढील उपचारासाठी मदत मिळते. जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाच्या समन्वयकांना भेटा. शिधापत्रिका, आधार, शाळेचा बोनाफाईड दाखला आणि पथकाने दिलेले संदर्भपत्र सोबत ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय बसते, हेही तिथेच विचारा. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. तिथेही नाव नोंदवून ठेवता येईल.

शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडा-दहा दिवसांत घरी येता येते. छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात तिला काखेत हात घालून उचलू नका, दप्तर पाठीवर देऊ नका आणि सायकल देऊ नका. काही महिने कमी मात्रेतील ॲस्पिरिन असते. ते चालू असताना कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर मला आधी फोन करा, कारण तेव्हा ॲस्पिरिन थांबवावे लागते. पंपिंग आणि झडपेची गळती यांत सुधारणा महिन्यांच्या हिशोबाने होते. रुंद झालेली उजवी करोनरी हळूहळू आकसते, पण तिला वर्षे लागतात. सहा महिन्यांनी सीटीवर नवा जोड मोकळा आहे का ते पाहू. पुढे दरवर्षी इको, ईसीजी, काही वर्षांनी होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि ट्रेडमिल चाचणी होईल. स्पर्धेतल्या खेळांना परवानगी द्यायची की नाही हे ट्रेडमिल आणि एमआरआयवरील व्रण पाहून ठरवू. आज मी त्याबद्दल वचन देणार नाही. दोन्ही करोनरी मोकळ्या आणि पंपिंग चांगले असेल, तर शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यांत या शस्त्रक्रियेची आडकाठी सहसा येत नाही. गरोदरपणाआधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी लागते इतकेच.

तुमच्या पत्नीने शेवटी विचारले आहे की गरोदरपणी ग्रहणात त्यांनी भाजी चिरली, त्याचा हा परिणाम आहे का. नाही. गर्भ जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असताना करोनरी धमन्या महाधमनीला जोडल्या जातात, आणि ती जोडणी कुठे होते यावर आईच्या हातून घडलेल्या कोणत्याही कामाचा परिणाम होत नाही. हा दोष सहसा घराण्यातून येत नाही, त्यामुळे धाकट्या मुलाविषयी भीती बाळगू नका. मनाच्या समाधानासाठी त्याचा एक इको मी करून देईन. घरात कुणी आईला बोल लावत असेल, तर त्यांनाही हा परिच्छेद वाचून दाखवा.

मुंबईला जाताना केवळ कागदावरचा रिपोर्ट नेऊ नका. सीटी अँजिओग्राफीची आणि इकोची सीडी सोबत न्या, कारण शल्यचिकित्सक अंतर आणि कोन स्वतः मोजतात. सीडी खराब असेल तर स्कॅन केंद्रातून दुसरी प्रत मागा. आणि निघण्यापूर्वी एकदा मुलीला घेऊन माझ्याकडे या. तिच्याशी मला स्वतंत्र बोलायचे आहे. आठ वर्षांच्या मुलीला आपल्यावर काय होणार आहे हे तिच्या भाषेत आधी कळले, तर ती आयसीयूमध्ये कमी घाबरते आणि खोल श्वासाचे व्यायामही ऐकून करते.